सई : या नावाचा उगम, अर्थ आणि वापर

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या घरी मुलीचे नाव 'सई' ठेवायचे असे जवळजवळ ठरले आहे, पण त्याच्या अर्थाबद्दल घरात एकमत होत नाही. सासूबाईंच्या मते हे 'सती'चे बोलीरूप आहे. माझे वडील त्याला 'साई'चे स्त्रीरूप मानतात. सई म्हणजे सखी, मैत्रीण, असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नावांच्या याद्या देणारी संकेतस्थळे पाहिली, तर एका ठिकाणी 'फूल' असा अर्थ दिला होता आणि दुसऱ्या ठिकाणी 'देवाची कृपा'. हे अर्थ कुठून काढले, याचा एका शब्दानेही खुलासा नव्हता.

मुलीने मोठी झाल्यावर आपल्या नावाविषयी विचारले, तर तिला खरे उत्तर देता यावे, एवढीच इच्छा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे, परंतु ते त्यांच्याही आधीपासून प्रचारात असणार, असे वाटते. म्हणून जाणकारांना विचारते. या नावाचे मूळ काय आहे? सई हा शब्द मराठीत नाव म्हणूनच आला, की आधी साधा शब्द होता आणि पुढे त्याचे नाव झाले? आणि आज हे नाव ठेवताना लेखनाच्या किंवा उच्चाराच्या दृष्टीने कशाची काळजी घ्यावी?

शब्दवेध

अबोलीताई, सासूबाईंचे म्हणणे पूर्णपणे निराधार नाही, म्हणून आधी त्याचाच विचार करतो.

महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, दोन स्वरांच्या मध्ये आलेले क, ग, च, ज, त, द हे वर्ण बहुधा गळून पडतात. त्या नियमाने 'सती'तला त गेला की 'सई' उरते, आणि इंद्राच्या पत्नीचे नाव जे 'शची', त्यातला च गेला की तिथेही 'सई'च उरते. प्राकृत शब्द म्हणून ही दोन्ही रूपे नियमाला धरून आहेत. याउलट ख, घ, थ, ध, भ यांचा त्याच जागी ह होतो : मुखाचे मुह, मेघाचे मेह, वधूचे वहू आणि दधीचे दही. त्यामुळे 'सखी'चे प्राकृत रूप 'सही' होते, 'सई' नव्हे. म्हणजे केवळ प्राकृताच्या नियमांवर निर्णय सोपवला, तर सती आणि शची हे दोन्ही शब्द सखीच्या पुढे निघून जातात.

परंतु आपल्याला मराठी शब्दाचे मूळ शोधायचे आहे, आणि मराठीच्या बोलण्यात मधला ह सतत विरघळत असतो. पाहुण्याचा पावणा होतो, मेहुण्याचा मेवणा होतो, राहिलाचा रायला होतो. सखी, सही, सई ही वाट त्यामुळे मराठीच्या स्वभावाला धरूनच आहे. तिच्यात एक पायरी अधिक आहे एवढेच.

ध्वनींच्या दृष्टीने तिन्ही वाटा मोकळ्या असताना निवड वापरावरून करावी लागते. मराठीत 'सई' हा शब्द पतिव्रता या अर्थाने वापरलेला आढळत नाही. त्या अर्थासाठी मराठीने 'सती' हे संस्कृत रूप जसेच्या तसे ठेवले. शचीच्या अर्थानेही सई आढळत नाही. मैत्रीण, जिवाभावाची सोबतीण, या अर्थाने मात्र सई, सये, सया ही रूपे लोकगीतांत आणि बोलण्यात सर्रास येतात, आणि मराठी कोशही सईचा अर्थ सखी असाच देतात. नाव आकाशातून पडत नाही. ते लोकांच्या तोंडात जो शब्द ज्या अर्थाने असतो, त्यावरून पडते. म्हणून सई म्हणजे सखी हेच उत्तर मला ग्राह्य वाटते.

'साई' हा निराळाच शब्द आहे. तो धनी, स्वामी या अर्थाचा असून त्याचे मूळ 'स्वामी'कडे नेले जाते. गोसावी आणि गोसाई या शब्दांचा उत्तरार्ध पाहिला, की हे नाते लक्षात येईल. साईचे स्त्रीरूप सई होण्याची कोणतीही व्याकरणिक रीत मराठीत नाही. 'सय' म्हणजे आठवण, जिच्यावरून आपण 'सय येते' म्हणतो, तोही वेगळा शब्द आहे आणि त्याचा संबंध 'स्मृती'शी जोडला जातो. फुलाचा अर्थ कुठून आला, याला काहीही आधार दिसत नाही.

नीराकाठ

शब्दवेध यांनी व्युत्पत्ती मांडलीच आहे. मी इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या मते या नावाची खरी श्रीमंती तिथे दिसते.

सईबाई या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या. हे घराणे भोसल्यांचे जुने सोयरे होते. महाराजांच्या आजी, म्हणजे मालोजीराजांच्या पत्नी, याही त्याच घराण्यातल्या होत्या. १६४० मध्ये पुण्यात सईबाईंचा शिवाजीराजांशी विवाह झाला, तेव्हा दोघेही लहान होते. सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई या तीन मुली आणि १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेले संभाजीराजे, अशी त्यांना चार अपत्ये झाली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याशी पाल गावाजवळ दाखवतात. अफझलखानाच्या प्रसंगाला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते आणि शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते.

या माहितीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिच्याकडे कुणाचे सहसा लक्ष जात नाही. आई सई आणि थोरली लेक सखू. 'सखू' हे सखीचेच लाडके रूप आहे. गंगेची गंगू, यमुनेची यमू, भागीरथीची भागू, यशोदेची येसू, तशी सखीची सखू. म्हणजे आईच्या आणि लेकीच्या नावांत एकच शब्द दोन वेगवेगळ्या वाटांनी आला आहे : आईकडे शतकानुशतके झिजत आलेला, लेकीकडे मूळ शब्दाला लाडाचा ऊ लावून घडलेला. ही जुळणी कुणी जाणून केली असेल असे मी म्हणत नाही. पण दोन्ही रूपे एकाच घरात, एकाच काळात नाव म्हणून नांदत होती, हे यावरून निश्चित होते. पुढे सखूबाई बजाजी निंबाळकरांचे पुत्र महादजी यांना दिल्या गेल्या, म्हणजे लेक आईच्याच माहेरी सून म्हणून गेली.

आता महाराजांच्या दुसऱ्या राणीसाहेबांचे नाव पाहा. सोयराबाई. सोयरा म्हणजे नातलग, आपला माणूस. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' म्हणताना तुकोबांनी तोच शब्द वापरला आहे. त्याच्याही कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, संत चोखामेळ्यांच्या पत्नीचे नाव सोयरा होते आणि त्यांचे अभंग आजही गायले जातात. एक मंगळवेढ्याच्या वेशीबाहेरची संत आणि दुसरी रायगडावरची राणी, दोघींना एकच नाव. नात्यावरून पडलेली नावे जातीच्या किंवा पदाच्या कुंपणात अडकत नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा? सईसुद्धा त्याच कुळातले नाव आहे. देवी, नदी, फूल किंवा रत्न यांच्याकडे न वळता ते माणसामाणसांतल्या नात्याकडे वळते.

रेवा

सुंदर माहिती मिळते आहे. नीराकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुष्टी देणारी आणखी उदाहरणे आठवली. बहिणाबाई हे नाव पाहा. तुकोबांना गुरू मानणाऱ्या, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, आणि खानदेशातल्या आसोद्याच्या, १८८० साली जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी, या दोघींची नावे थेट 'बहीण' या शब्दावरून आहेत. महानुभावांच्या लीळाचरित्रात भेटणाऱ्या बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा यांच्या नावांतही बाई, आई, आऊ हे नात्याचे शब्दच आदरार्थी प्रत्ययासह गुंफलेले दिसतात. जिजाऊंच्या नावातली 'आऊ' आणि शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंच्या नावातली 'आऊ' एकच आहे. म्हणजे मराठी बाईच्या नावात नाते असणे हा अपवाद नव्हता, ती या मुलखाची रीत होती.

मोहनमाळ

विषयाला धरून एक छोटा प्रश्न. राशीप्रमाणे हे नाव कोणत्या राशीचे धरावे? 'स' म्हणजे कुंभ ना?

शब्दवेध

होय, पंचांगातील अवकहडा चक्राप्रमाणे सा, सी, सू ही अक्षरे शततारका नक्षत्राला दिलेली आहेत आणि ते नक्षत्र कुंभ राशीत येते. तथापि, नावरसाचे, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून काढलेले, नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे ठेवण्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे, त्यामुळे केवळ अक्षर जुळत नाही म्हणून सई हे नाव सोडण्याचे कारण नाही.

जात्यावरची ओवी

अबोलीताई, तुम्ही विचारले आहे की सई आधी साधा शब्द होता का. होता, आणि त्याचे घर जाते, पाणवठा आणि माहेरची ओसरी हे होते.

आमच्याकडच्या वयस्कर बायकांच्या ओव्यांत कोणीतरी एकटी बसून गाते असे क्वचितच असते. दळणाऱ्या दोघी असतात, आणि एकीने घातलेल्या ओवीचा रोख दुसरीकडे असतो. त्यामुळे ओवीत हाक येते : बाई, गं, सये, सयांनो. सासरचा काच, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीचे कौतुक, हे सगळे कुणाला तरी सांगितले जाते, आणि ज्या कुणाला ते सांगितले जाते तिचे नाव सई. ओवीतला लेक राघू असतो, लेक मैना असते, आई बया असते, आणि ऐकणारी सई असते. ही ओवीची स्वतःची नातीगोती आहेत.

गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या संग्रहात वेळ काढून उतरावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. बायकांनी बायकांशी बोललेली एवढी मोठी मराठी दुसरीकडे क्वचितच सापडेल. लिहिणाऱ्या पुरुषांच्या ग्रंथांत 'सखी' बहुधा नायिकेची दूती म्हणून येते, निरोप पोचवते आणि बाजूला होते. ओवीतली सई निरोप पोचवायला आलेली नसते. ती स्वतः दळत असते, तिच्याही हाताला घट्टे असतात, आणि पुढची ओवी ती घालणार असते. सई हे नाव मुलीला देताना आपण तिला नायिकेच्या मागे उभे करत नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

व्याकरणाबद्दलही दोन शब्द. सामान्य नाम असताना हा शब्द सुई, जाई यांच्यासारखा चालतो. अनेकवचन सया आणि हाक मारताना सये, सयांनो. विशेषनाम झाले की अनेकवचन उरत नाही आणि हाकेतही 'सई'च राहते. 'सये' अशी हाक आज लाडाने मारली जाते, तेव्हा नकळत तो जुना सामान्य अर्थच जागा होतो.

शब्दवेध

'जात्यावरची ओवी' यांच्या प्रतिसादाला जोडून सांगतो. ग्रंथांतल्या सखीबद्दल त्यांनी जे म्हटले ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण गाथासप्तशतीला मी त्यातून थोडे वेगळे काढीन. सातवाहन राजा हाल याने संकलित केलेल्या त्या सातशे गाथा महाराष्ट्री प्राकृतात, याच गोदावरीच्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या आहेत. त्यातल्या कितीतरी गाथा एका बाईने दुसरीला सांगितलेल्या आहेत, आणि तिथली हाक आहे 'सहि'. शेत, नदीचा काठ, परगावी गेलेला नवरा, घरातली ओढाताण, असे जगण्यातले विषय त्यांत येतात. त्या 'सहि'पासून ओवीतल्या 'सये'पर्यंत अंतर मोठे आहे, पण हाक मारण्याची रीत तीच आहे. ज्ञानदेवांच्या 'रूप पाहतां लोचनीं, सुख जालें वो साजणी' मध्येही सुख सांगायला साजणीच लागते. देवाचे रूप पाहिल्यावरसुद्धा ते मैत्रिणीला सांगावेसे वाटणे, हे मराठी कवितेच्या मुळाशी आहे.

गंगासागर

मी अनेक वर्षे कोलकात्यात राहतो, म्हणून एक बाहेरचा पुरावा देतो. त्याने सती की सखी हा वाद निकालात निघेल, असे वाटते.

बंगालीत 'सई' हा शब्द आजही जिवंत आहे. उच्चार 'शोई' असा ऐकू येतो आणि अर्थ असतो बाईची जिवलग मैत्रीण. दोन मुलींनी किंवा बायकांनी एकमेकींना रीतसर सई मानायचे, त्याला 'सई पातानो' म्हणतात. हे नाते मानलेले असले, तरी सख्ख्या नात्याइतके पाळले जाते. नवनीता देव सेन यांनी २००० साली बंगालमधल्या लेखिकांची जी संघटना उभी केली, तिचे नाव त्यांनी 'सई'च ठेवले. बंगाली कोशांतही या शब्दाचे मूळ सखी असेच सांगितलेले आहे. मराठी आणि बंगाली या भाषांमध्ये एवढे अंतर असताना दोन्हींकडे तेच रूप आणि तोच अर्थ असेल, तर सती किंवा शची यांना मध्ये आणण्याचे कारण उरत नाही. हिंदीतली 'सहेली' हीदेखील त्याच 'सही'ची नात आहे. फक्त तिकडे ह टिकला.

आणखी एक गोष्ट मला लक्षणीय वाटते. अरबीतून आलेला सही हा शब्द, ज्याचा अर्थ हस्ताक्षर, त्याचेही बंगालीत 'सई'च होते. मधला ह गळण्याची सवय तिथेही आहे, हे त्यावरून कळते.

पायवाट

उत्तर प्रदेशात सई नावाची नदी आहे आणि रायबरेली शहर तिच्याच काठी आहे. तुलसीदासांनी 'सई उतरि गोमतीं नहाए' असे लिहिले आहे. मग हे नाव नदीवरून आलेले असणे शक्य नाही का? आपल्याकडे गोदावरी, कृष्णा, भीमा, नर्मदा ही नद्यांची नावे मुलींना देतातच.

शब्दवेध

प्रश्न रास्त आहे, पण त्या नदीचे जुने नाव स्यंदिका असे मानले जाते. वाल्मीकी रामायणात राम वनवासाला जाताना जी स्यंदिका ओलांडतात, तीच ही. म्हणजे तिथल्या सईचा उगम निराळा आहे. शिवाय आपल्याकडे नदीचे नाव ठेवले जाते ते तिच्याशी काही संबंध असतो म्हणून : काठचे गाव, तीर्थयात्रा, नवस. गंगा आणि यमुना दूर असूनही आपल्या झाल्या, त्या तीर्थ म्हणून. सई नदीला महाराष्ट्रात तसे स्थान नाही.

निशिगंध

लेखनाबद्दल अबोलीताईंनी विचारले होते. माझ्या बहिणीचे नाव सई आहे, म्हणून अनुभवाने सांगते. देवनागरीत काहीच अडचण येत नाही. अडचण येते ती रोमन लिपीत. सई आणि साई या दोन्ही नावांचे स्पेलिंग बहुतेक जण त्याच तीन अक्षरांत करतात, आणि महाराष्ट्राबाहेरचा वाचणारा ते 'साई' असेच वाचतो. तेलुगू आणि तमिळ मुलखात साई हे मुलांचे नाव म्हणूनही भरपूर ठेवले जाते, त्यामुळे नुसते कागदावरचे नाव पाहून तिच्या नावामागे पुरुषाची उपाधी लावलेली पत्रे तिला आलेली आहेत. काही पालक यासाठी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवतात. तसे करायचे असेल, तर जन्मदाखल्यापासूनच एकच स्पेलिंग धरावे आणि पुढे शाळा, आधार, पारपत्र यांत ते कुठेही बदलू देऊ नये. मधेच बदलले, की प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातल्या जाहिरातीपर्यंत पाळी येते.

माझे मत विचाराल, तर साधे स्पेलिंगच ठेवावे. १९३८ मध्ये जन्मलेल्या दिग्दर्शिका सई परांजपे यांनी हेच नाव आणि हेच साधे स्पेलिंग घेऊन देशभर काम केले. उच्चार माणसे विचारून शिकतात.

मोहनमाळ

सगळे प्रतिसाद वाचून सई हे नाव अधिकच आवडले. मात्र सखूची तुलना सईशी करावी असे मला वाटत नाही. सई आजच्या मुलीला शोभते, पण सखू हे नाव आता जुने वाटते आणि शाळेत मुले चिडवतील. अर्थ एकच असला, तरी नावाचा काळ असतो, हे मान्य करायला हवे.

जात्यावरची ओवी

मोहनमाळ, तुमच्या काळजीमागचा हेतू चांगला आहे, तरीही मी या म्हणण्याशी मुळीच सहमत नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगते.

सखू जुने आणि सई नवे, हे इतिहासाला धरून नाही. नीराकाठ यांनी दाखवलेच आहे की सतराव्या शतकात ही दोन्ही नावे एकाच घरात होती, आणि त्यातली सई ही तर आई होती. रूप म्हणून पाहिले, तरी सखूमध्ये संस्कृत 'सखी'तला ख शाबूत आहे आणि सई हीच अधिक झिजलेली, अधिक बोलीतली आहे. म्हणजे 'गावठी' या शब्दाने कुणाला हिणवायचेच असेल, तर भाषेच्या हिशेबाने तो मान सईला मिळायला हवा होता. तसे झाले नाही, कारण नावाला जुने किंवा नवे ठरवतात ती ते नाव धारण करणारी माणसे. सखूबाई हे नाव शेतावर, धुण्याभांड्यांच्या कामावर, गिरणीच्या चाळीत, भाजीच्या पाटीमागे राहिले. नाटकांत आणि चित्रपटांत कामवाल्या बाईला नाव द्यायचे, तर हमखास तेच निवडले गेले. सई शहरातल्या शिकलेल्या घरांत गेली. नावात काहीही बदल झाला नाही. ज्यांच्या अंगावर ते होते, त्यांच्याकडे पाहण्याची नजर तेवढी निरनिराळी राहिली.

कऱ्हाडच्या संत सखूची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. सासरच्यांनी पंढरीला जाऊ नये म्हणून तिला बांधून ठेवले, आणि तिच्या जागी स्वतः विठ्ठल बांधून घेऊन उभा राहिला. घरातली तिची सगळी कामे त्याने केली आणि ती वारीला गेली. कथेचे कौतुक करताना तिच्या नावाकडे कुणी पाहत नाही. सखू म्हणजे सखी. जिच्यासाठी देव सखा झाला, ती सखी. वारकऱ्यांच्या घरांत हे नाव पिढ्यानपिढ्या ठेवले गेले, ते या आठवणीने. आज त्या नावाने मुलीला चिडवतील म्हणून ते टाळायचे, की चिडवणाऱ्यांना त्या नावाची कथा सांगायची, हे आपण मोठ्यांनी ठरवायचे आहे.

आमच्या घराण्यात लग्नात सुनेचे नाव बदलण्याची पद्धत होती. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाई. माझ्या आजीचे माहेरचे नाव सखू होते आणि सासरी ते बदलून एका देवीचे नाव दिले गेले. तिच्या मैत्रिणी तिला शेवटपर्यंत सखूच म्हणत, आणि तिला त्याच हाकेला ओ द्यायला आवडत असे. म्हणून सखूला कमी लेखले, की मला ते लागते.

मोहनमाळ

ही बाजू माझ्यासमोर कुणी मांडली नव्हती. तरीही लहान मुलीला इतरांच्या वागण्याचा त्रास होऊ नये, ही काळजी मला आजही महत्त्वाची वाटते. आपला प्रतिसाद मात्र मी घरी सर्वांना वाचून दाखवणार आहे.

नीराकाठ

मोहनमाळ यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण काळ नावांना परतही आणतो, हे विसरू नये. रमा, उमा, गार्गी, मुक्ता, ईरा ही नावे काही दशकांपूर्वी आजीपणजीची किंवा पोथीतली समजली जात होती. आज ती बालवाडीच्या हजेरीपटावर आहेत. लहान, दोन अक्षरी नावे पुन्हा लोकांना हवीशी झाली आहेत, आणि सखू त्या कसोटीला उतरते. कुणीतरी पहिल्यांदा ठेवायला हवे, एवढेच.

अबोली (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना शब्दवेध यांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. आपले म्हणणे नियमाला धरून होते, हे ऐकून त्या प्रसन्न झाल्या, आणि बंगालमधल्या सईबद्दल ऐकल्यावर त्यांनी स्वतःच सांगितले की त्यांच्या लहानपणी गावात मुली एकमेकींना सई म्हणत असत. वडिलांनाही साईचा वेगळेपणा पटला. स्पेलिंग साधेच ठेवायचे ठरवले आहे.

एक शेवटचा प्रश्न. महाराजांच्या राण्यांची नावे या निमित्ताने पुन्हा वाचली. त्यात 'सकवारबाई' हे नाव आहे. त्याचाही सखीशी काही संबंध आहे का? वाचताना सखू आणि सकवार जवळचे वाटतात.

शब्दवेध

संबंध नाही. ऐकायला जवळ वाटत असले, तरी सकवार हे 'सुकुमार'पासून आले आहे. मधल्या म चा व होणे ही मराठीची फार जुनी खोड आहे : ग्रामाचे गाव, नामाचे नाव, कुमाराचा कुंवर. त्याच रीतीने सुकुमार, सुकुंवार, सकवार. अर्थ नाजूक, कोमल. हे नावही पुढे राजघराण्यात टिकले आणि साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या एका राणीसाहेबांचे नाव सकवारबाई होते. त्यांच्या दुसऱ्या राणीसाहेब सगुणाबाई, आणि शिवाजी महाराजांच्या राण्यांतही एक सगुणाबाई होत्या.

एवढे मात्र लक्षात घ्यावे की सकवार आणि सगुणा ही नावे मुलीचा गुण सांगतात, ती कशी आहे किंवा कशी असावी याबद्दल बोलतात. सई तिच्याकडून कोणत्याही गुणाची मागणी करत नाही. ती कुणाची तरी सई आहे, आणि कुणीतरी तिची सई असेल, इतकेच ते नाव सांगते. सगुणा, सकवार, गुणवंता या गुणवाचक नावांवर बरेच लिहिण्यासारखे आहे. नीराकाठ यांनी त्यासाठी वेगळा धागा काढावा, अशी विनंती करतो.